ताईसाठी व्हॅनिला

६ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझा ताप उतरला हे कळून बरं वाटलं, पण वास अजून येत नाही हे वाचलं आणि जेवणात लक्ष लागेना. फोनवर मी नुसतं बरं, बरं म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून हे पत्र.

डॉक्टरांनी तुला ओळखीचे वास सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरायला सांगितलेत. तुझ्या ओळखीचा वास कोणता, याचा मला विचार करावा लागला नाही. बेकरीतून घरी आलीस की तुझ्या केसांनासुद्धा व्हॅनिलाचा वास असायचा. बाटलीतला इसेन्स निराळा आणि शेंगेतला व्हॅनिला निराळा, हेही तूच सांगायचीस. तेव्हा खऱ्या शेंगांचं अत्तर मी घरी करायला घेतलं आहे.

पुस्तकात म्हटलंय, शेंगा मद्यार्कात भिजवा. ज्या हातांनी देवाला नमस्कार करतो त्या हातांनी ती बाटली घरात आणायला मन होईना. तेलातही जमतं असं कळलं, म्हणून गोडं बदामतेल आणलं. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. शेंगा उभ्या चिरल्या, आतले काळे बारीक दाणे सुरीच्या पाठीने खरवडले आणि सगळं कोमट तेलात सोडलं. आता बाटली कपड्यांच्या कपाटात, अंधारात आहे. रोज हलवायची आणि वाट बघायची. बाटली शाळेच्या प्रयोगशाळेतली नाही, विकत आणलीय. नाहीतर म्हणशील, प्रयोगशाळेच्या सहायकानेच शाळा लुटली.

काळजी तुझ्या कामाची आहे. केक भाजला का, लोणी खवट झालं का, हे तू नाकाने सांगतेस. बेकरीचे मालक भट्टी तुझ्यावर सोडून निर्धास्त असतात ते त्यामुळेच. त्यांना खरं सांगून रजा घे. एकटीने ओढत बसू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पन्नाशीला टेकलास आणि कपाटात बाटल्या लपवायला लागलास. माझ्या भावजयीने अजून तुला घराबाहेर काढलं नाही, म्हणजे बाई खरोखर सोशिक आहे. तिला सांग, तुझ्या शर्टांना केकचा वास येऊ लागला की शाळेतली पोरं तुझ्या मागे मागे फिरतील.

माझी काळजी सोड. वास येऊ लागलाय. परवा पाव भाजल्याचा वास अगदी स्पष्ट आला. कामावर जाते आहे, मालकांना काही सांगायची गरज पडली नाही. आणि रजा घेऊन करू काय? इथे बोलायला चार भिंती आहेत, त्याही उत्तर देत नाहीत. भट्टीपाशी उभी राहिले की मी कोणीतरी असते, धाकट्या. घरी मी नुसती म्हातारी होत असते.

अत्तर झालं की पाठव. तोवर स्वतःला जप, पायात मोजे घाल.

आशीर्वाद आहेतच, पत्रं तेवढी येऊ देत.

तुझी,
ताई

---

२ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न.

तुला वास येतोय हे वाचून मी शाळेत दिवसभर गुणगुणत होतो म्हणे. शिपायाने घरी येऊन तक्रार केली.

अत्तर आज मलमलच्या फडक्यातून गाळलं. तेल थोडं सोनेरी झालंय. काही तेल शेंगा न घालता तसंच उरलं होतं, तेही दुसऱ्या बाटलीत भरून ठेवलं. इतके दिवस त्या शेंगांत हात घालून मला आता सगळ्यालाच व्हॅनिलाचा वास येतो, अगदी खडूलासुद्धा.

मी सवयीने बाटलीवर लेबल चिकटवायला बसलो, तर तुझी भावजय म्हणाली की लेबलामुळे अत्तर ॲसिडसारखं दिसतंय, वन्सं घाबरतील. म्हणून काढून टाकलं. नुसती बाटली पाठवतो आहे. मनगटावर एक थेंब लाव आणि कसं झालंय ते कळव. हाताखालून इतकी रसायनं गेली, पण स्वतः केलेलं असं हे पहिलंच.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा,
धाकटा

---

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाटली सुखरूप पोचली. काय वास आहे रे! झाकण काढलं आणि खोली भरून गेली. गोड आहे, पण बोचत नाही, आणि मागाहून लाकडासारखा काहीतरी गंध येतो. शेजारीण आली होती, तिच्या मनगटाला लावलं. ती म्हणाली, भाऊ असावा तर असा. मी तिला सांगितलं की असा एकच आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. रोज लावून कामाला जाते.

तुझे कष्ट कामी आले. सुखी राहा, भावजयीला धाकात ठेवू नकोस, तिच्या धाकात राहा.

तुझी,
ताई

---

२४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तुझी भावजय म्हणते, गप्प राहा. पण एक गोष्ट पोटात ठेवून सकाळी देवासमोर बसलो, तर डोळे मिटेनात.

परवा हिचे गुडघे दुखत होते. उरलेलं साधं बदामतेल आहे, ते चोळ, असं मी सांगितलं. तिने चोळलं आणि सगळ्या घराला केकचा वास सुटला. शेजारच्यांनी विचारलं, वाढदिवस कुणाचा. ताई, अत्तर इथेच राहिलं आहे. तुला गेली ती साध्या तेलाची बाटली. लेबल नव्हतं, आणि माझं नाक त्या दिवशी कामातून गेलेलं होतं.

तू केलेली स्तुती मी पुन्हा वाचली. मागाहून लाकडासारखा गंध येतो, असं तू लिहिलंस. माझं मन राखायला तू किती शोधून शोधून लिहिलं असशील, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला पुढे वाचवेना.

मी रागावलेलो नाही. वास दिसत नाही, धरता येत नाही, आणि तरी माणूस त्याच्या भरवशावर गॅस पेटवतो. देवाच्या बाबतीतही मी तसाच चालतो. पण तू सध्या त्या भरवशाशिवाय एकटी चालते आहेस, आणि भट्टीपाशी उभी राहून हे कुणाला कळू देत नाहीस. नोकरी सोड, इकडे ये, असं मी म्हणणार नाही. ते तू ऐकणारही नाहीस. फक्त तिथे एका माणसाला खरं सांग. आणि मला सांग.

खरी बाटली सोबत पाठवतो आहे. या वेळी लेबल आहे.

लोभ कमी होणार नाही, ही खात्री धरून,
तुझा धाकटा

---

५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग खूप रडले. शेजारणीने त्या दिवशी मनगट हुंगलं आणि दुसराच विषय काढला. भाऊ असावा तर असा, हे वाक्य माझंच होतं.

पाव भाजल्याचा वासही आला नव्हता. तापानंतर एकदाही काही आलं नाही. केक मी काडी खुपसून आणि घड्याळ बघून काढत होते. तेवढं जमत होतं. पण गेल्या आठवड्यात खवट लोण्याचा सगळा घाणा मी मळला. भट्टीवरच्या जोडीदारणीने भाजताना वास ओळखला म्हणून तो गिऱ्हाइकापर्यंत गेला नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, तिला कळलंय, आता तुलाही कळलंय, मग मालकांनाच काय म्हणून फसवायचं.

काल त्यांना सांगितलं. ते मला चांगलेच बोलले, आणि ते बरोबर होतं. म्हणाले, नाक गेलं म्हणून मी तुम्हाला काढलं नसतं, पण लोकांच्या तोंडात खवट घास गेला असता तर ठेवलंही नसतं. आता भट्टी जोडीदारणीकडे गेली. मी केकवर क्रीमची फुलं काढते. पहिली फुलं कोबीसारखी झाली. भट्टी गेल्याचं दुःख आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही.

गॅस बंद आहे का, हे शेजारीण येता-जाता बघते. तुझी बाटली मी सकाळ-संध्याकाळ उघडते. काही येत नाही.

तुझ्यावरची माया नव्याने काय लिहू.

तुझी,
ताई

---

२१ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज सकाळी नेहमीसारखी बाटली उघडली, आणि अशी घाण आली की मी हात लांब केला. जळकं रबर आणि ओलं पायपुसणं एकत्र केल्यासारखी. मग बाटली हळूच जवळ आणली. पुन्हा तीच. शेजारणीला दाखवली, तर तिला छान व्हॅनिला येतोय.

तशीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, नाक जागं होताना असं उलटंसुलटं सांगतं. सरळ कधी होईल, पूर्ण होईल की नाही, हे ते आत्ताच सांगत नाहीत. पण जागं होतंय. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, तोवर फुलं काढा, भट्टीचं मग बघू.

माझ्या आधीच्या स्तुतीवर जाऊ नकोस. हे मात्र शब्दन्‌शब्द खरं आहे. तुझं अत्तर अतिशय घाणेरडं आहे, धाकट्या. कामावरून आल्यापासून मी तेच हुंगत बसले आहे.

तुझी,
ताई