गणवेशाचा मक्ता

१६ जून २०२५, सोमवार

पहिल्याच दिवशी वेदिकाला शाळेने परत पाठवलं. कारण – गणवेश आईने शिवलेला. चौदा वर्षं मी आडगाव नाक्यावर अख्ख्या गल्लीची मापं घेते, पण स्वतःच्या सातवीतल्या पोरीचा स्कर्ट शिवायला लायक नाही. कापड तेच, रंग तोच. फक्त खिशावर शाळेचं बोधचिन्ह नाही. ते एकाच दुकानात मिळतं आणि सुटं विकत नाहीत, गणवेशासकट घ्यायचं, तेही दुप्पट भावात. दुकान संस्थेच्या चिटणिसांच्या मेव्हण्याचं. सरस्वती या मेव्हण्यावर भलतीच प्रसन्न दिसते.

पोरगी जेवली नाही. "सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, हे घरचं आहे."

१७ जून

शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ताई, शिस्तीचा प्रश्न आहे. सगळी मुलं सारखी दिसली पाहिजेत." म्हटलं, दुप्पट पैसे दिलेली मुलं काही वेगळी दिसत नाहीत, मॅडम. त्यांनी पाणी मागवलं. स्वतःसाठी.

संध्याकाळी आमचे हे ओझरच्या कारखान्यातून येताना त्याच दुकानातून गणवेश घेऊन आले. "तुझा बाणा राहू दे, पोरीचं वर्ष जाईल." काखेत उसवलेला होता. मीच टीप मारली. फुकट.

२१ जून

हर्षाली वकील ब्लाउज न्यायला आली. सगळं ऐकून म्हणाली, "काकू, हे स्पर्धा आयोगाकडे जाऊ शकतं."

कसली स्पर्धा, लिंबू-चमच्याची?

हसली. मग समजावलं – दिल्लीत आयोग आहे. कुणी बाजारात दुसऱ्याची वाट अडवली, एका वस्तूबरोबर दुसरी गळ्यात मारली, तर तो बघतो.

"पण शाळा म्हणजे काय दुकान आहे?"

"पाटीवर काय लिहिलंय ते कायदा बघत नाही, काकू. आत काय चालतं ते बघतो. शाळा असो, दवाखाना असो, नाहीतर एखादी संघटना."

म्हणजे अगदी आमच्या सासूबाईंसारखा. मला आवडला हा कायदा.

२६ जून

आयोगाच्या अर्जावर एका सहीपेक्षा दोन बऱ्या, म्हणून गोजराबाईंकडे गेले. गल्लीतल्या सगळ्यात जुन्या शिलाईवाल्या. पूर्वी जूनमध्ये त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. यंदा तीन स्कर्ट.

"करते सही. पण माझं नाव पुढं नको घालू. नातू तिथंच हाय शाळंत."

माझं नाव पुढे घातलं. त्यांनी चष्मा पुसून, एकेक अक्षर काढत सही केली. मग म्हणाल्या, "तू हायेस ना, मग मला भ्या नाय."

३ जुलै

अर्ज दिल्लीला गेला.

२५ जुलै

आयोगाने शाळेकडे खुलासा मागितला म्हणे. पालकांच्या ग्रुपवर मुख्याध्यापिकांचा मेसेज – "आपली संस्था विद्यामंदिर आहे, व्यापारी पेढी नव्हे. हा कायदा आपल्याला लागू होत नाही." त्याच्याच खाली – "बूट व मोजे फक्त अधिकृत दुकानातूनच घ्यावेत."

वेदिकाला शेवटच्या बाकावर बसवलंय. तिने विचारलं, "आई, आपलं काही चुकलं का?"

"नाही."

"मग ठीक आहे." आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला एक जाईना.

८ ऑगस्ट

चिटणीस स्वतः माझ्या दुकानात आले. मापं घेताना बायका बसतात त्या स्टुलावर बसले. पोट मांडीवर सांडलेलं.

"मेव्हण्याचं काम काढून घेतलंय. या महिन्यापासून गणवेश तुमच्याकडे. बाराशे मुलं. तेवढा दिल्लीचा कागद मागे घ्या."

"आणि गोजराबाई?"

"एका शाळेला एकच दुकान बरं असतं, ताई. शिस्त राहते."

इथे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात मशिनी मांडून झाल्या होत्या – चार. काज-बटणाला एक बाई वेगळी.

विचार करून सांगते म्हटलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू ठरव." वेदिकाला काही सांगितलं नाही.

११ ऑगस्ट

सही केली. करारात छापलंय – 'अधिकृत व एकमेव विक्रेता', आणि पुढे माझं नाव. दोनदा वाचलं. छान दिसतं.

गोजराबाईंना उद्या सांगेन.

१३ ऑगस्ट

गेले नाही. डोकं दुखत होतं. काल पाऊस होता.

संध्याकाळी त्याच आल्या, वाटीत अळूवडी घेऊन. "दिल्लीचं काय कळलं का गं?" म्हटलं, वेळ लागतो अशा कामांना. वडी खाल्ली. चांगली झाली होती, हेच वाईट.

१८ ऑगस्ट

हर्षालीला गाठून म्हटलं, अर्ज मागे घ्यायचाय.

"ते काय दोघांचं भांडण आहे का, काकू, आपसात मिटवायला? माहिती दिली ती दिली. पुढचं आता आयोग ठरवणार. आणि बरं झालं भेटलात – शाळेचे गणवेश सध्या कोण विकतं, त्याचं नाव-पत्ता त्यांनी मागवलाय. त्यालाही नोटीस जाईल."

तिने पेन काढलं. पत्ता तिला पाठ आहे. नाव मी सांगितलं – माझंच.