दादाच्या पेटीतला बदली रुपया

दादास,

आधी बस, पाणी पी, मग वाच.

माझ्याकडे ठेवलेली नाण्यांची पेटी रविवारी तू आल्या आल्या मागणार. त्यातला एक संस्थानी रुपया मी तुला न विचारता वर्गात मुलांना दाखवायला नेला आणि हरवला. मग बाजारातून त्याच संस्थानाचा दुसरा आणून गुपचूप जागेवर ठेवला. रुपयासारखा रुपया, तुला काय कळणार!

काल पेटीतली तुझी नाण्यांच्या नोंदींची वही उघडली, तेव्हा कळलं. नाणं पाडायचा ठसा मोठा, नाणं लहान, म्हणून प्रत्येक रुपयावर मजकुराचा वेगळाच तुकडा उमटलेला. तू वीस वर्षं ते तुकडे जुळवतोयस, आणि मी त्यातला मधलाच घालवला. मग भिंगाखाली नवा रुपया धरला. त्यावर मजकुराचा शेवट आहे रे, ज्याच्या जागी तू वहीत नुसती टिंबं काढलीयस!

आता ही आनंदाची बातमी द्यायची, तर आधी चोरी कबूल करायला हवी. हे पत्र माझ्याच्यानं धाडवणार नाही. पेटी टेबलावर उघडी ठेवीन, शेजारी भिंग. तू आधी ओरडतोस की हसतोस, ते ऐकायला मी स्वयंपाकघरात दाराआड उभी असेन.

तुझी,
अजूनही तुला घाबरणारी धाकटी