अकराव्या नंबरच्या धावा

बाबा, परवा काचीगुड्याला एका लग्नात तुमच्या टीमचे कॅप्टनसाहेब भेटले. आता काठी घेऊन चालतात, आवाज मात्र तसाच खणखणीत. मी तुमची मुलगी हे कळल्यावर त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि नातवाला हाक मारली. त्यानं म्हणे तुमच्या ऑफिसांच्या लीगची जुनी स्कोअरबुकं कॉम्प्युटरवर चढवलीत. लीगमधल्या सगळ्या बॉलर्सची बॅटिंगची सरासरी त्यानं मोबाइलवर उघडली आणि बोटानं सरकवत सरकवत थेट तळाला गेला. तिथं तुम्ही होतात. बॉलिंगमध्ये जवळपास सगळ्यांच्या वर, बॅटिंगमध्ये सगळ्यांच्या खाली. "बेटी, बॉल तो तेरे बाबा के हाथ में बात करता था," कॅप्टनसाहेब म्हणाले, "बॅट हाथ में आई की गूंगे हो जाते थे." मी पोट धरून हसले. इतकं नेटानं शेवटचं असण्याचा मला अभिमानच वाटला.

मग मी म्हटलं, "पण शेवटी शेवटी सुधारले होते ना? मी नववीत असताना एकदा बारा केले होते. आईनं शिरा केला होता त्या दिवशी." त्यांचं हसू थांबलं. नातवाला त्यांनी मोबाइल ठेवून द्यायला सांगितला. "उसके बहुत पहले निकालना पडा उनको, बेटी. दूसरा बॉलर मिला, थोडी बॅटिंग भी करता था. मैंच बोला उनको. अगले इतवार को फिर आ गए, सफेद कपडों में. स्कोअर लिखने बैठ गए. हर इतवार आते थे. कोई नहीं आया तो खेलने मिलेगा बोलके."

तेव्हापासून ते रविवार डोळ्यांसमोरून हलत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही जुन्या मोज्यात बॉल घालून टांगलाय आणि पुढचा पाय टाकून तो हलकेच परतवताय. आई पोळ्या लाटतेय. "लोणच्याची बरणी फुटली तर आज डबा मिळणार नाही," ती म्हणते, आणि तरी तुमच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेवते. संध्याकाळी तुम्ही सायकल आत घेता घेताच ती विचारते, "आज किती?" तुम्ही बूट काढता काढता म्हणता, "तीन." कधी, "पाच, नॉट आउट." बाबा, पन्नास म्हणाला असतात तरी आमचा विश्वास बसला असता. खोटं बोलतानाही तुम्ही अकराव्या नंबरलाच खेळत राहिलात. त्या बारा धावांच्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं? कुणी काही बोललं होतं का? की आईचा चेहरा एकदा तरी तसा बघायचा होता?

एकदा मी तुमच्या मागे लागले होते, मलाही मॅचला न्या म्हणून. "ऊन फार असतं गं," एवढंच म्हणालात आणि बॅग उचलून निघालात. मला वाटलं, मुलगी म्हणून नेत नाहीत. कितीतरी वर्षं ती अढी मनात राहिली, आणि तुम्ही गेल्यावर ती काढायला कुणी उरलं नाही. त्या उन्हात तुम्ही दुसऱ्यांच्या धावा लिहीत बसला होतात. मला शून्य चाललं असतं, बाबा. नुसतं पॅड बांधून बसलेलं बघायला मिळालं असतं तरी चाललं असतं. शेजारी येऊन मीच स्कोअर लिहिला असता.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की कागद फाडून टाकेन, कारण तिला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं. लग्नाहून परतले तेव्हा तिनं विचारलंच, "काय म्हणत होते कॅप्टन?" मी म्हटलं, "बाबांच्या बॅटिंगबद्दल बोलत होते." ती इतकी खूश झाली, की पुढचं मी बोललेच नाही.