पर्यावरणाच्या बाईंची बदली व्हावी म्हणून

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षण विभाग.

विषय : पाचवी 'ब'च्या पर्यावरणाच्या बाईंची दूरच्या शाळेत बदली होणेबाबत.
संदर्भ : शाळेची सूचना, 'प्रत्येक घरात एक पर्यावरणदूत'.

महोदय,

१. सविनय अर्ज करते की, मी घरी शिवणकाम करते. माझी एकुलती एक मुलगी पाचवी 'ब'मध्ये शिकत असून शाळेने तिला आमच्या घराची पर्यावरणदूत नेमले आहे. नेमणुकीपूर्वी घराला विचारण्यात आले नाही.

२. नळ बंद कर, ताटात टाकू नकोस, हे मी तिला बोलता येत नव्हते तेव्हापासून सांगत आले. तेव्हा ती माझी कटकट होती. तेच बाईंनी फळ्यावर लिहिले आणि त्याचे पर्यावरण झाले. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते खोटे नाही. उरलेल्या कापडाचे मी शिवलेले दप्तर तिने लाजेने कधी शाळेत नेले नाही. बाईंनी चिंध्यांची पिशवी शिकवली, तर ती उराशी धरून घरभर मिरवते. टाका वाकडा आहे म्हटले, तर 'बाईंना आवडली' एवढेच उत्तर मिळाले. कापड माझे, सुई माझी, मुलगी माझी, आणि कौतुक बाईंचे.

३. हल्ली मी मशीनवर बसलेली असतानाच ती दिवा मालवते. बाहेर उजेड आहे म्हणते. त्यापायी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची उजवी बाही डावीकडे लागली. तिची वेणी बाईंसारखी, हसणे बाईंसारखे. शाळेत लावलेल्या रोपाला नावही बाईंचेच. बाईंना मी फाटकाशी उभी राहून नीट निरखले आहे. दिसायला बऱ्या आहेत, आवाज गोड आहे, मुलांवर ओरडत नाहीत. शाळा सुटेपर्यंतच सांभाळायची असती तर मीही ओरडले नसते.

४. गेल्या आठवड्यात मला ताप होता. सुट्टी असूनही मुलगी रोपाला पाणी घालायला शाळेत गेली. परत आल्यावर मी पाणी मागितले, तर पेला अर्धा भरून दिला आणि वाया घालवू नकोस असे बजावले. मला राग आला, हे नमूद करते. मला त्या रोपाचा हेवा वाटला, हेही नमूद करते.

५. सबब बदलीची मागणी केली आहे. परंतु लिहिता लिहिता ध्यानात आले की, बाई गेल्या तर मुलगी त्यांच्यासाठी रडेल, आणि ते मला बघवणार नाही. तरी सदर मागणी रद्द समजावी. विषय बदलून अर्ज नव्याने लिहिला असता, पण हा पाठकोरा कागदच दूताकडून मोठ्या मिनतवारीने मिळाला आहे.

त्याऐवजी बाईंनी वर्गाला एक गृहपाठ द्यावा, असे आपण त्यांना कळवावे : रोज संध्याकाळी थोडा वेळ आईजवळ बसणे. मी सांगून पाहिले. बाईंनी सांगितले तर ती बसेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
पाचवी 'ब'मधील एका मुलीची आई
दिनांक : १४ जुलै