माएलीचा आठवडा आणि माशांचे डोळे

रोबेरवाल, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप सिस्टर एर्मान्स, म्हणजे आमची थोरली ताई, हिला धाकट्या गिलेनचा बसल्या जागेवरून नमस्कार. (गुडघे टेकले तर उठवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते.) तुझी कंबर कशी आहे? तुमच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात सूप अजून गारच वाढतात का? मी ठणठणीत आहे. राग माझ्या प्रकृतीला मानवतो, आणि सध्या तो भरपूर आहे.

रागाचं कारण माझी लेक मनॉन. मार्चच्या सुट्टीत माएलीला आठवडाभर माझ्याकडे पाठवायचं ठरलं होतं. मी माळ्यावरून बर्फावरची घसरगाडी काढून पुसूनसुद्धा ठेवली. आता मनॉन म्हणते, सातही दिवसांचं जेवण कागदावर लिहून दे, आहारतज्ज्ञ बाईंनी मंजूर केलं तरच पोर येईल. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या आणि चार पोरं वाढवलेल्या बाईने सात वर्षांच्या नातीला काय वाढायचं याची परीक्षा द्यायची! आणि परीक्षक कोण, तर कारोल-आन, जिला मी चौथीत शुद्धलेखनात दहापैकी चार दिले होते. (खरे तीनच होते. चौथा दयेचा.)

आता चूक झाली होती हे मी कबूल करते, पण त्यातली अर्धी तुमच्या मठाच्या शाळेची. ऑक्टोबरात माएली दोन दिवस माझ्याकडे होती. मनॉनने फ्रिजवर भलीमोठी यादी चिकटवली. पहिली ओळ होती, ‘मांस नाही’. पुढचं मी वाचलंच नाही. मांसाशिवाय कसं जेवायचं हे मला कुणी शिकवायचं? आठ वर्षं मठात बिनमांसाचे शुक्रवार पाळले आहेत मी! तेव्हा मी शुक्रवारचं ताट मांडलं: वाटाण्याचं दाट सूप, अंडी, चीज, तळ्यातला ताजा मासा (चर्चच्या हिशेबी मासा मांसात येत नाही). पोरगी ताटाकडे बघतच राहिली.

“आजी, हे माझं आख्ख्या आठवड्याचं प्रोटीन आहे.”

“अगं, यात मांसाचा कण नाही. उपासाच्या दिवशी पोपसुद्धा खाईल.”

“पोपला चालतं गं. त्याचं लिव्हर चांगलं असेल.”

तरीही माझं मन राखायला तिने सूप संपवलं. (हे मला मनॉनच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.) दोन दिवसांनी तिच्या बोटाच्या रक्ताचा थेंब कागदावर टिपून नेहमीप्रमाणे तपासायला गेला, आणि आकडा नको तिथे चढून बसला.

मग कारोल-आनने मला समोर बसवून समजावलं, तेही जपमाळ घेऊन. विद्यार्थिनी माझीच, दृष्टान्त कुठून उचलायचा ते तिला बरोबर कळतं. म्हणाली, “मादाम, प्रोटीन म्हणजे ही माळ. मांसात असते तशी वाटाण्यात, अंड्यात, चीजमध्येही असते. पोटात ती तुटते आणि मणी सुटे होतात. ती अमिनो आम्लं, वीस प्रकारची. त्यातूनच शरीर आपलं मांस, रक्त, केस ओवतं. उरलेले मणी मोडून टाकतं. माएलीच्या लिव्हरला एक मणी नीट मोडता येत नाही, टायरोसिन; रक्तात चढला तो आकडा त्याचाच. दुसरा एक आहे, त्याचाही शेवटी तोच होतो.” म्हणून ते दोन काढून उरलेल्या अठरांची भुकटी पाण्यात कालवून पोरीला रोज प्यावी लागते. मी चाखली. ओल्या लोकरी मोज्यांचा काढा गं! माएली मला शिकवते, “नाक धर आणि एका दमात पी. तोंड वाकडं केलंस की जास्त वेळ लागतो.”

अपमान गिळून मी पहिला कागद लिहिला: नुसता उकडलेला कोबी आणि सफरचंद, सातही दिवस. म्हटलं, आता काढा चूक! लाल शाईत परत आला. (लाल शाईत! मला!) ‘मादाम, हा उपास नाही. पोर उपाशी राहिली तर शरीर स्वतःचंच मांस मोडतं आणि आकडा तसाही चढतो. पोट भरेल असं काही लिहा.’ म्हणजे खायला घातलं तरी पाप आणि उपाशी ठेवलं तरी पाप. असला धर्म आपल्या सिस्टरांनीसुद्धा काढला नव्हता.

ताई, एक गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आपला धाकटा लेओपोल पाच महिन्यांचा असताना पिवळा पडून गेला आणि आई म्हणाली, देवाची इच्छा. या तळ्याकाठी वीस माणसांत एकाच्या रक्तात हा दोष लपलेला असतो. तू सिस्टर झालीस, तुझ्याकडे असला तरी पुढे गेला नाही, माझा गेला. माएलीला औषध आहे, यादी आहे, लाल शाई आहे. लेओपोलला काहीच नव्हतं. म्हणून मी त्या चार मार्कवालीसमोर गप्प बसते.

तरी दुसरा कागद मी लिहिणार नाही. मलाही मान आहे. पोरीला भेटायला मीच बसने जाईन म्हणते.

तुझी,
गिलेन

ता. क. दुसरा कागद लिहिला आहे. बटाटे तोलून, ब्लूबेरी, मेपलचा पाक, सगळं लाल शाईतून सुटलं. पोट भरणाऱ्या पदार्थाची जागा तेवढी रिकामी आहे. तू मठाच्या स्वयंपाकघरात उपवासकाळात दुधाशिवाय, नुसत्या ब्लूबेरीच्या रसात साबुदाण्याची खीर करायचीस. आम्ही तिला ‘माशांचे डोळे’ म्हणायचो. कारोल-आन म्हणते, साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. कृती लिहून पाठव.

दुसरा ता. क. ‘हे डोळे आमच्याकडे बघतात’ अशी निनावी तक्रार मदर सुपीरियरकडे गेली होती, आठवतं? तिनेच लिहिली समजून तू सिस्टर रोलांदशी वर्षभर बोलली नाहीस. ती मी लिहिली होती. रोलांदला माझा नमस्कार सांग.

तिसरा ता. क. काल आठवेल तशी करून पाहिली. खळ झाली. त्या खळीने मी खुर्चीचा मोडका पाय चिकटवला, छान बसला आहे, पण पोरीला ते कसं वाढू? माएलीला फोनवर नाव सांगितलं, तर म्हणते, “डोळे? मला दोन वाट्या!” तेव्हा राग नंतर काढ, उद्याच्या टपालाने लिही, आणि माप नेमकं लिही. कारोल-आन दयेचा मार्क देत नाही.