गार इंजिनाचा चोक

भाऊजी,

"चोक जुळवायचा तो गार इंजिनावर, आणि हात हलका ठेव," असं तुमचे दादा मला बॉनेटशेजारी बॅटरीचा उजेड धरायला उभं करून सांगायचे. ते गेले, पण सांगितलेलं माझ्या लक्षात आहे.

काल सकाळी तुम्ही म्हणालात, "वहिनी, ट्रकच चालू होत नाही, मग ताईला आणायचं कशातून? तिला म्हणावं, नवऱ्याच्या घरी जरा सोसून घे." उन्हं वर येईपर्यंत माझं रोजचं मौन असतं, म्हणून मी गप्प राहिले. तो होकार नव्हता.

आज पूजा उरकून बॉनेट उघडलं. तुम्ही भर दुपारी, इंजिन तापलेलं असताना चोक जुळवलात, मग पहाटेच्या गारठ्यात त्याची हवा अडवणारी झडप मिटणार कशी आणि ट्रक चालू होणार कसा? चुकून झालं असेल, असं मी धरून चालते. कार्बोरेटरच्या बाजूचं गोल टोपण सैल केलं, झडप जेमतेम मिटेपर्यंत फिरवलं आणि पुन्हा आवळलं. पहिल्याच किल्लीला ट्रक सुरू झाला. तुम्ही फिरून येईपर्यंत मी निघालेली असेन.

वन्संना मी शब्द दिलाय, शिलाई मशीनसकट घेऊन येईन म्हणून. मागची खोली झाडली आहे. तिथले तुमचे जुने टायर अंगणात काढलेत, ते तिथेच राहतील. लोकांना काय म्हणायचं ते त्यांनी दारात येऊन म्हणावं, मी चहा टाकेन.

तुमचं जेवण झाकून ठेवलंय. आजचं मौन मी वन्संच्या दारात सोडणार आहे. "चला" एवढंच म्हणायचं आहे.

येते.

वहिनी