टाका मालकिणीनेच उसवावा

मी, खाली सही करणारा, मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा, गल्लीत 'पालथ्या' या नावाने ओळखला जाणारा (दुरुस्तीला आलेला प्रत्येक फोन मी आधी पालथा ठेवतो म्हणून), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि गुंगीची कोणतीही गोळी न घेता लिहीत आहे. अशा कागदात 'मन शांत आहे' असे लिहितात. ते मी लिहीत नाही, कारण ते खरे नाही. मन जागेवर आहे, तेवढे पुरे. माझी शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटले नाही. तेव्हा प्रत्येक अक्षर माझेच समजावे.

कारण असे की येत्या बुधवारी मी माझे एक मूत्रपिंड ताईला देत आहे. डॉक्टर म्हणतात, "अहो, ठणठणीत उठाल." मलाही तसेच वाटते. पण टेबलावर माणूस बेशुद्ध असतो, आणि माझ्याकडे दुसऱ्याची एक वस्तू आहे. मूत्रपिंड हयातीतच देत असल्याने ते या कागदात येत नाही. त्याबद्दल ताईने रडारड करू नये. लहानपणी माझ्या वाटणीचे बरेच काही तिने खाल्ले आहे, त्यात आणखी एक.

पहिले, आई. बँकेत आहे ते सगळे आईचे. माझा फोन मात्र कोणाचाच नाही. तो न उघडता चिरडून टाकावा. आई म्हणाली, "मला सांगून ठेव ना कुलपाचे आकडे, मी कोणाला नाही सांगणार." मी म्हटले, "तू सांगणार नाहीस गं, पण तुला विचारतील." तिला पाहावेसे वाटतील ते सगळे फोटो मी कागदावर छापून आणले आहेत आणि तिच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या खणात ठेवले आहेत. त्यात माझे हसतानाचे कमी आहेत. माझा नाइलाज आहे.

दुसरे, दुकान आणि हत्यारे. सूक्ष्मदर्शक, सोल्डरिंग आयर्न, चिमटे, सगळे ताईला. बरी झाली की तिने दुकान चालवावे, पण दुकानाची रीत मोडू नये. ग्राहकाला समोर स्टुलावर बसवायचे. त्याचे कुलूप त्यानेच उघडायचे आणि त्यानेच लावायचे. फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून त्यावर त्याचे आकडे लिहून घ्यायचे नाहीत. फोन ठेवून जायचा असेल तर शेजारच्या शिंपीण मावशींकडून तो कापडी पिशवीत शिवून घ्यायचा. मावशी त्यांचा उलटा टाका घालतात. तो कोणी उसवून परत घातला तर लगेच ओळखू येतो, निदान मावशींना. टाका मालकानेच उसवायचा. लोक हसतात. हसून झाले की फोन ठेवून जातात.

तिसरे, दाजी. मोठ्या कंपनीचा एक माणूस दुकानात तपासणीचे मशीन फुकट ठेवायला आला होता. फोन जोडला की बिघाड सांगणार, आणि जाता जाता आतले सगळे कंपनीकडे पाठवणार. दाजींना ते फार पसंत पडले. "सामान्य माणसाकडे लपवण्यासारखं असतंच काय?" ते म्हणाले. ताई तेव्हा आजारी, अंथरुणात. तिथूनच बोलली, "मग तुमचा फोन उशीखाली का असतो हो?" दाजी पाणी प्यायला उठले. मशीन परत गेले. दाजींना मी ग्राहकाचे स्टूल ठेवत आहे. त्यांनी त्यावर ताईसमोर बसावे. ताईने त्यांचा फोन मात्र मागू नये. रीत ती रीत, नवऱ्यालाही लागू.

चौथे कलम सर्वांत महत्त्वाचे. हा कागद त्याच्यासाठीच लिहिला आहे.

मावशींच्या शिलाई मशीनखालच्या पत्र्याच्या डब्यात निळ्या पिशवीत शिवलेला एक फोन आहे. तो एका सिस्टरचा आहे. बॅटरी टिकत नाही आणि फोन तापतो म्हणून त्या आल्या होत्या. स्टुलावर बसून म्हणाल्या, "मी घरात बोलते ते वॉर्डात वरिष्ठांना कसं कळतं, दादा?" कारण सापडले. हॉस्पिटलने सक्तीने घालायला लावलेले हजेरीचे ॲप ड्यूटी संपल्यावरही माईक चालू ठेवत होते. सिस्टर मैत्रिणींशी संघटना काढायचे बोलत होत्या, तेही त्यांच्या स्वयंपाकघरात. आता त्यांनी दावा लावला आहे आणि फोन कोर्टासमोर उघडायचा आहे. त्यांची खोली हॉस्पिटलच्याच क्वार्टरमध्ये, म्हणून फोन माझ्याकडे. (माझे ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. मी चौकशी केली, आणि मग परत केली.)

त्यानंतर साध्या कपड्यातले एक सरकारी साहेब आले.

"तो फोन जरा द्या. लगेच आणून देतो."

"कोर्टाचा कागद द्या, साहेब."

"कागद कशाला? आपली ओळख आहे ना."

पडद्याआडून मावशी म्हणाल्या, "ओळख आहे तर चहा घ्या की! फोन कशाला?"

साहेबांनी चहा घेतला. जाताना म्हणाले, "तू काही कायम दुकानात बसून राहणार नाहीस." मी फोन दिला नाही. ते पुन्हा येतील. दाजी देऊन टाकतील. मनाने वाईट नाहीत, साहेब म्हटले की उठून उभे राहतात. म्हणून त्या डब्याचा ताबा फक्त मावशींकडे. तारखेच्या दिवशी त्यांनी सिस्टरच्या वकीलबाईंबरोबर (हा कागदही त्यांनीच तपासून दिला) कोर्टात जावे आणि टाका सिस्टरनीच न्यायाधीशांसमोर उसवावा.

पाचवे, माझे शरीर. माझा अंगठा किंवा चेहरा वापरून, मी मेलेला असताना वा नुसता बेशुद्ध असताना, कोणीही कोणतेही यंत्र उघडू नये. वकीलबाई म्हणाल्या, "अरे, बेशुद्धीचं मृत्युपत्रात येत नाही." तरी राहू दिले आहे, वेगळ्या कागदावरही लिहून डॉक्टरांना दिले आहे. माझे डोळे कोणाला पाहण्यासाठी हवे असतील तर जरूर द्यावेत. फोन उघडण्यासाठी नाही.

मावशींना काहीच ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला वाटा मिळत नाही. हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे आहेच काय रे द्यायला?" मग चष्मा पुसत बसल्या.

मी बुधवारी उठलो तर फोन मीच नेईन आणि हा कागद फाडीन. नाही उठलो तरी फोन पोहोचेल. म्हणून मी घाबरलेला असलो तरी निश्चिंत टेबलावर चढत आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली, दार आतून लावून
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार
सही केली आहे. अंगठा उठवलेला नाही.

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले काका. सही, आणि शेरा: "उगाच घाबरतो. पण बरोबर घाबरतो."
२. शिंपीण मावशी. सही केली, आणि वकीलबाई नको म्हणत असताना कागदाच्या कडेला लाल दोऱ्याने आपला उलटा टाकाही घातला. म्हणाल्या, "सही कोणीही मारेल. हा घालून दाखवा म्हणावं."